मोराची मान आणि बँकेची खुर्ची

मोहोळहून हुरडा आला की माझ्या पुण्याच्या घरात गड्डा भरतो. गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. सोलापूरकराला हे सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून पुरतं कळत नाही. भाचा दरवर्षी एसटीच्या पार्सलनं एक पिशवी पाठवतो. आत कोवळे हिरवे दाणे, वर शेंगाच्या चटणीची पुडी. पिशवी उघडली की मला पाळण्यांची करकर ऐकू येते, ताज्या रंगवलेल्या सुताचा वास येतो आणि अंगात असा काही उत्साह चढतो की चष्मा शोधायचाही राहून जातो. आगटीत भाजून हातावर चोळलेल्या कणसाची सर तव्यावर गरम केलेल्या दाण्यांना नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते तव्यावर टाकते आणि ओट्याशी उभ्यानंच निम्मे संपवते. सत्तरी उलटली, पण हावरटपणा काही सुटला नाही.

तोच हावरटपणा एका जानेवारीत माझ्या मुळावर आला होता. सत्तरचं दशक मध्यावर आलं होतं, मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि एकाच आठवड्यात मला दोन बोलावणी आली होती. एक सोलापुरातल्याच बँकेचं, दुसरं पुण्याच्या एका कारखान्याचं. त्या कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आणला होता आणि गणिताच्या मुलामुलींना घेऊन ते त्यांना शिकवणार होते. दोन्हीकडं संक्रांतीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. लोकांना एक नोकरी मिळत नव्हती आणि माझी पंचाईत ही की मला दोन्ही हव्या होत्या. मनातल्या मनात मी सोमवारी सकाळी बँकेत असायची आणि दुपारी पुण्यात.

आमचं घर पूर्व भागात. पुढं शेडमध्ये पावरलूम, मागं आम्ही. मागांचा खडखडाट इतका की गल्लीतली माणसं प्रेमानं बोलली तरी परक्याला भांडण वाटायचं. वीज गेली की सगळा भाग एकदम गप्प व्हायचा आणि माणसं मात्र क्षणभर तशीच ओरडत राहायची. त्यात कितीतरी घरांतली गुपितं चव्हाट्यावर आली. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, गल्लीत मराठी, आणि भांडताना जे आधी सुचेल ते. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. विषय फार गंभीर असला की नायना घरातसुद्धा मराठीत शिरायचे, जणू पंचांसमोर उभे आहेत.

चादरीवरची नक्षी काही आपोआप उतरत नाही. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं यंत्र असतं आणि त्याला नक्षी सांगतात ती पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरची भोकं. आधी चौकटीच्या कागदावर मोर काढायचा, मग त्याची एकेक ओळ एकेका पुठ्ठ्यावर उतरवायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जाणार, कोरं असेल तिथला खाली राहणार. असे शेकड्यांनी पुठ्ठे दोरीनं एकाला एक शिवायचे आणि ती लांबलचक साखळी मागावर चढवायची. नायना कागदावर बोट ठेवून ओरडायचे, "भोक, भोक, कोरं, भोक," आणि मी ठोकत जायची. शिवायचं काम अम्माचं. चुकून जादा भोक पडलं तर अम्माच खळ लावून त्यावर कागदाची टिकली चिकटवायची. मी शाळेत असल्यापासून हे करत आले. मी ठोकलेला मोराचा डोळा मागावर उघडला की काय आनंद व्हायचा, सांगता येत नाही. मी तो गल्लीभर सांगत सुटायची.

बँकेच्या परीक्षेला मला बसवलं ते शेजारच्या शिवप्पाकाकांनी. काका अक्कलकोटकडचे, बँकेत हेडक्लार्क. त्यांच्या मराठीच्या अंगणात कन्नड मोकळी हिंडायची. मला ते पद्मव्वा म्हणायचे. बोलावणं आल्यावर ते मला बँक दाखवायला घेऊन गेले, तेही अशा थाटात की जणू स्थळ दाखवतायत. उंच छत, संथ पंखे, गोंद आणि शाईचा एकत्र वास, आणि सगळीकडं शिक्क्यांचा ठपठप आवाज.

"ह्यो ठोका ऐकलास? आवाजावरनं सांगतो मी, कोन मारतंय," काका म्हणाले. मग त्यांनी खिडकीजवळची एक खुर्ची दाखवली. "ही तुझी."

पण खरी गंमत दार बंद झाल्यावर होती. दिवसभराचं सगळ्यांचं काम शेवटी एका जागी येऊन जुळायला लागतं, आणि त्या दिवशी ते जुळेना. कुणी घरी जाईना. शिपायानं पुन्हा चहा आणला. सगळी मोठमोठी माणसं माना खाली घालून हरवलेलं काहीतरी शोधत होती, आणि एका कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "सापडलं!" मी चक्क टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. काकांचा चेहरा असा उजळला, जणू नातू झाला.

"जुळलं की झोप कशी लागती बग त्या दिवशी. लई गोड," ते म्हणाले.

मला बँक आवडली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून लोकांना वाटतं की बँक रटाळ होती आणि मी शहाणी निघाले. तसं काही नव्हतं. त्या संध्याकाळी घरी येताना मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसूनच चालत होते.

पुण्याची परीक्षा मी त्याआधीच देऊन आले होते. अम्मा सोबत होती. कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा तिनं डब्यातली कडक भाकरी आणि चटणी काढली आणि समोरच्या बाईंना माझं सगळं गणित सांगून टाकलं. लेखी परीक्षा कोड्यांची होती, मला ती खाऊसारखी वाटली. मग मुलाखतीत एका साहेबांनी माझ्यासमोर बारीक भोकं पाडलेलं एक कार्ड धरलं.

"हे काय असेल, सांगता येईल?"

मी ते खिडकीच्या उजेडात धरलं. नायना पुठ्ठा तसाच बघायचे.

"पुठ्ठा आहे. फार बारीक कामाचा दिसतो. आमच्या घरी शेकड्यांनी आहेत."

"तुमच्या घरी कॉम्प्युटर आहे?"

"नाही हो. चादरी!"

साहेब इतके हसले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. मग त्यांनी मला काचेतून यंत्राची खोली दाखवली. कपाटाएवढी यंत्रं, आणि कार्डांचा गठ्ठा सर्रकन गिळून टाकणारं एक तोंड. मी काचेला नाक लावून उभी राहिले. बाहेर बाकावर अम्मा बसली होती. तिला मी एका दमात सांगितलं, की अम्मा, हे यंत्र पगाराचं काम करतं, गोदामाचं करतं, उद्या आणखी काही करेल, त्याला फक्त भोकं सांगायची!

"आणि शिवतं कोण?" अम्मानं विचारलं.

"कुणी नाही. कार्डं सुटीच असतात."

"मग सांडली तर?"

ते मी हसण्यावारी नेलं. पुढं पहिल्याच महिन्यात माझ्या हातून भला मोठा गठ्ठा जिन्यात सांडला, तेव्हा मात्र अम्मा आठवली.

घरी नायनांचा निकाल ठरलेला होता. "ब्यांक," ते म्हणाले, आणि कागदावरचं बोट पुढच्या ओळीवर नेलं. मी ठोकायची थांबले. तेवढ्यात वीज गेली. माग बंद पडले, गल्ली बंद पडली, आणि आता बोलण्यावाचून सुटका नव्हती.

"मशीनच्या मागं जाऊ नको, पद्मा," नायना मराठीत म्हणाले. "हातमाग होता तवा माझ्या बापाच्या हाताला नाव होतं. पावरलूम आला, नाव गेलं. उद्या काय येतंय कुणाला म्हाईत? प्रत्येक नवं मशीन मानसाला पुन्हा पैल्या इयत्तेत बसवतंय. ब्यांकेत आज शिकल्यालं उद्या चालतंय."

"मग तुम्ही पावरलूम का घेतला?"

"मला कुटं ब्यांकेचं बोलावणं आलं होतं?"

मी हातोडी पुन्हा उचलली. नायना पुठ्ठा उचलून म्हणाले, "एकदा भोक पाडलं की पाडलं. बघून पाड."

अम्मा दारात कांड्या भरत बसली होती. सुतावरची नजर न काढता ती म्हणाली, "आणि मी रोज खळ लावून चिकटवती, ते काय हाय?"

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, नायनांचं अगदी खरं निघालं. ती कार्डं गेली, मग फिती आल्या, त्या गेल्या, मग पडदे आले. मी कितीदा पहिल्या इयत्तेत बसले त्याला गणती नाही. वयानं निम्मी पोरं मला शिकवायची आणि मी नव्या वहीवर पुन्हा नाव घालायची. फक्त एक गोष्ट नायनांना माहीत नव्हती, आणि तेव्हा मलाही नव्हती. त्यांना ज्याची धास्ती वाटायची त्याचंच मला सुख होतं. मला पहिली इयत्ता फार आवडते. आणि बँकेचं म्हणाल तर काकांची ती अख्खी बँक आज माझ्या फोनमध्ये आहे. दोन ताटांतून एक निवडायला मी एवढी रडकुंडीला आले होते, आणि पुढं दोन्ही ताटं एकच झाली.

पण त्या जानेवारीत हे कुणाला ठाऊक? गड्डा भरला होता. मिरवणुकीच्या दिवशी काका पांढऱ्या शुभ्र बाराबंदीत, डोक्याला फेटा, सिद्धेश्वराच्या उंच नंदीध्वजाबरोबर अनवाणी चालत होते. एरवी शिक्क्यांमागं बसणारा माणूस त्या दिवशी ओळखू यायचा नाही, इतका ताठ आणि देखणा दिसायचा. गर्दीत त्यांनी मला पाहिलं आणि ओरडले, "पद्मव्वा, सोमवारी! खुर्ची पुसून ठेवलोय!" मी हात जोडले. ते काकांना जोडले की नंदीध्वजाला, मलाच कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही येत होतं. मला वाटलं, या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि लगेच वाटलं, त्या काचेमागच्या यंत्राला तरी नाही कसं म्हणायचं?

त्या शनिवारी नायनांनी नवा मोर मागावर चढवला होता. जत्रेच्या दिवसांत चादरींना मागणी भरपूर, आणि एका व्यापाऱ्याला हाच मोर हवा होता. पिसारा उतरला, अंग उतरलं, मान उतरली, आणि अम्मा किंचाळली. मोराचं तोंड शेपटीकडं होतं. पाय पुढं, नजर मागं.

नायनांनी माग थांबवला. कापडावर वाकून बघितलं. "ठोकताना चुकलंय," ते म्हणाले. "मानेचे सगळे पुठ्ठे नवे करायला लागतेत."

म्हणजे चूक माझ्यावर आली. नायनांचा आवाज रागाचा नव्हता, तेच जास्त लागलं. त्यांना वाटत होतं, पोरीचं मन दोन गावांत आहे, हात तरी कसा जागेवर राहील. तेवढ्यात वीज गेली. सगळीकडं शांत झालं. मी चादरीचा तो भाग मांडीवर घेतला आणि बघत बसले. आधी मला माझाच राग आला. मग हळूहळू राग गेला, कारण मला काहीतरी दिसायला लागलं होतं. चोच नीट होती. तुरा नीट होता. डोळा अगदी गोल, मी ठोकला तसाच. ठोकताना चुकलं असतं तर मोर कुरूप झाला असता. हा तर देखणा होता, नुसता मागं वळून बघत होता! म्हणजे भोकं बरोबर होती. मग चूक कुठं होती?

मी स्टुलावर चढले आणि साखळीवरून बोट फिरवत गेले. पिसारा, अंग, आणि मान सुरू होते तिथं दोरी नवी होती. मान संपते तिथंही नवी गाठ. आदल्या दिवशी साखळी उचलून ठेवताना तिथं दोरी तुटली होती, अम्मा शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, आणि नायनांनी घाईत तो तुकडा स्वतःच शिवून टाकला होता. पुठ्ठा दोन्हीकडून सारखाच दिसतो, त्याला सुलटं तोंड नसतं. झोपेत कूस बदलावी तसा तो तुकडा पालथा झाला होता.

"नायना, मान बरोबर आहे! तुम्ही ती पालथी शिवलीय!"

अम्मा पुढं आली. "एक दिवस वाण लुटायला गेले, तर मोराची मान मोडून ठेवली," असं ती म्हणाली, आणि तिचा चेहरा तिळगुळ खाल्ल्यासारखा झाला होता. तिनंच गाठी सोडल्या, तुकडा फिरवला, पुन्हा शिवला. आम्ही तिघं विजेची वाट बघत उभे राहिलो. वीज आली. माग खडखडायला लागला. मान वर आली, तुरा आला, आणि मोरानं समोर बघितलं. मी शेडभर नाचले. अक्षरशः नाचले, हात वर करून, सुताच्या पेट्यांमधून. मोठी पदवीधर बाई, आणि थांबताच येईना.

नायना बघत होते. खडखडाटावर आवाज चढवून ते मराठीत म्हणाले, "ब्यांकेत असं नाचू देत न्हाईत."

मी थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे कुटं नाचायचं ते तू बघ."

मी बघितलं. खरं म्हणजे बँकेतही मी टाळ्या वाजवल्याच होत्या. तिथंही हरवलेलं शोधायचं होतं, आणि सापडल्याचा आनंद तोच होता. पण तिथं जुळलं की दिवस मिटत होता, दिवे मालवून माणसं तृप्त मनानं घरी जात होती. इथं सापडलं की मोर पुढं सरकत होता, आणि पुण्याचं यंत्रही तसंच पुढं सरकणारं होतं. काकांना मिटलेला दिवस आवडायचा. मला मिटलेलं काहीच आवडत नाही, डब्याचं झाकणसुद्धा मी अर्धवट लावते. एवढं साधं होतं ते, आणि ते कळायला मोराला मान वळवावी लागली.

रविवारी सकाळी, मी पुण्याला जातेय, हे काकांना सांगायला गेले. ते ओसरीवर बसले होते. मी बोलत होते आणि ते "हौदू, हौदू" म्हणत होकारार्थी मान हलवत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं उगीच पुसत राहिले.

"खुर्ची पुसली होती ग मी," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. काकांनी घाईघाईनं चष्मा लावला. "आता रडतीस कशाला? जा की. पुण्यात खातं तरी आमच्याच ब्यांकेत उघड." ते मी उघडलं. अजून तिथंच आहे.

पुण्यात गेल्यावर पहिली गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली ती ही, की तिथल्या प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापलेला होता. मी विचारलं, असं का? तर शिकवणारे म्हणाले, एखादं कार्ड पालथं गेलं की गठ्ठ्यात लगेच दिसतं. मी एकटीच हसत सुटले. वर्गातल्या मुलांना वाटलं, सोलापूरच्या उन्हाचा परिणाम. दिवाळीला घरी जाताना एक वाया गेलेलं कार्ड मी बरोबर नेलं. नायनांनी ते उजेडात धरलं, पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"ह्यो कोपरा कापलाय का?"

मी कारण सांगितलं. नायना "हं" म्हणाले, कार्ड आरशामागं खोचलं आणि सुताचा भाव किती चढलाय ते अम्माला सांगायला लागले. दिवाळीभर त्यांनी पुन्हा माझ्या कामाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, राग गेला नाही अजून. जाऊ दिलं, पण पटलं नाही.

मग पुढची जानेवारी आली. गड्ड्यासाठी रजा काढून मी सोलापूरला उतरले. गल्लीत शिरताच तो ओळखीचा खडखडाट अंगावर आला आणि मला पळावंसं वाटलं. शेडच्या दाराशी आले तर नायनांची पाठ माझ्याकडं होती. पलीकडच्या शेडचे मालक साखळीखाली उभे होते आणि नायना त्यांना हातवारे करून काहीतरी ओरडून सांगत होते. आवाजात एक अक्षर कळत नव्हतं. मी वर बघितलं. साखळी जकार्डवरून खाली उतरत होती, आणि एकूण एक पुठ्ठ्याचा एक कोपरा कात्रीनं कापलेला होता.

त्याच क्षणी वीज गेली. माग थांबले, गल्ली गप्प झाली, आणि नायना मात्र आपल्या नादात ओरडतच होते, "...तुमीबी कापून घ्या म्हनतो मी! माझ्या पद्माच्या मशीनचं हाय ते! पुन्यात आसतीया माझी पोरगी, कॉम्प्युटरवर!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. पलीकडच्या दारात काका उभे होते, ते खो खो हसायला लागले. नायना वळले. मी दारात होते.

"कवा आलीस?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.